निळ्या तळ्याचे डॉक्टर

डॉ. दिनानाथ चौलकरांना विज्ञानातली एकच गोष्ट नीट ठाऊक होती आणि तीही त्यांना बायकोने शिकवली होती. ती गोष्ट ते भेटेल त्याला सांगत. कुणी शिकवली ते कुणालाच सांगत नसत.

गोष्ट अशी. लग्नाआधीपासून कमळ मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. काचेच्या दोन बशांत जंतू वाढवायचे, दोन्हींत मेथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगाचे थेंब टाकायचे, मग एक बशी गच्चीवर उन्हात ठेवायची आणि दुसरी कपाटात. संध्याकाळी उन्हातले जंतू मेलेले असत आणि कपाटातले खुशाल जिवंत. रंग ऊन शोषून घेतो आणि त्या जोरावर शेजारच्या जंतूंना मारतो. अंधारात तो नुसता रंग, धोतराला लागला तर डाग पाडणारा. बशा भरणं, मोजणं, घासणं हे सगळं कमळ करी. दिनानाथ तेव्हा तिथे येऊन-जाऊन असत. त्यांना निबंध वाचण्याची हौस होती आणि निबंधाला विषय हवा होता. विषयही मिळाला, बायकोही मिळाली.

पंचावन्न सालच्या थंडीत पेणच्या खाडीकाठी मांडवखार नावाच्या गावात मिठागरवाल्यांनी मिळून दवाखाना काढला आणि दिनानाथ तिथे डॉक्टर म्हणून आले. कमळची नोकरी सुटली. नवऱ्याची परगावची नोकरी हे राजीनाम्याला तेव्हा पुरेसं कारण होतं. कुणी तिला विचारलं नाही आणि तिनेही कुणाला विचारलं नाही.

मांडवखारच्या माणसांचे पाय मिठाने खाल्लेले होते. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहून पोटऱ्यांना भेगा पडत, त्या चिघळत, महिनोन् महिने वाहत राहत. दिनानाथांनी आधी पिवळं मलम दिलं. मलमाने जखमा चिकट झाल्या, त्यापलीकडे काही झालं नाही. एकदा जेवताना कमळ म्हणाली, निळा रंग लावून लोकांना उन्हात बसवून बघा, बशीत होतं ते वरवरच्या जखमेत का होऊ नये. दिनानाथ हसले. आठवड्याने मात्र त्यांनी दवाखान्यासमोर एक बाकडं टाकून घेतलं आणि जमलेल्या माणसांना सांगितलं, ही कल्पना आपल्या डोक्यात फार दिवस घोळत होती.

कल्पना चालली, हे कबूल केलं पाहिजे. निळ्या पोटऱ्यांचे आगरी बाप्ये बाकड्यावर ओळीने ऊन खात बसू लागले आणि होळीपर्यंत बऱ्याच जणांच्या जखमा भरून आल्या. गावाने डॉक्टरांना कोंबड्या दिल्या, कोलंबी दिली, गावपाटील बाबाजींनी त्यांना आपल्या ओट्यावर गादीवर बसवलं. एखाद्या बऱ्या माणसाला एवढं पुरलं असतं. दिनानाथांनी या उपचाराला 'चौलकर पद्धत' असं नाव दिलं, भर चैत्रात गरम कोट घालून अलिबागला भाषण केलं आणि घामाने निथळत परत आले. भाषणात प्रयोगशाळेचा उल्लेख होता. बशा घासणारीचा नव्हता.

कमळला राग येत नसे. तिला हसू येई. नवरा कोणत्या वाक्याला घसा खाकरेल, कोणत्या वाक्याला चष्मा काढेल हे तिला आधीच कळे, आणि ते तसंच झालं की तिला एखादं गणित बरोबर सुटल्यासारखं वाटे. गावात करण्यासारखं दुसरं फार नव्हतं. तुच्छता ही तिची करमणूक झाली होती, आणि कमळ ती मनापासून करत होती.

तिची जनीशी ओळख झाली ती याच करमणुकीतून. जनी म्हणजे मिठागरात राबणाऱ्या धर्मा घरताची बायको. तिच्या दोन्ही तळव्यांना खोल भेगा होत्या आणि निळा रंग लावूनही त्या भरत नव्हत्या. दिनानाथांनी तिला चार माणसांत झापलं. म्हणाले, तू सांगितल्याप्रमाणे उन्हात बसत नाहीस, पद्धत पाळत नाहीस, तुमच्या लोकांचं हेच होतं.

जनीने पाय खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "डाक्तर, तलव्याला ऊन दावू कसा? उलटी टांगून घेऊ?"

बाकड्यावरचे बाप्ये हसले. पडद्यामागे उभी असलेली कमळ इतकी हसली की तिला तोंडावर पदर दाबून घ्यावा लागला. दुपारी तिने जनीला मागच्या दारी बोलावलं, पाय कोमट पाण्यात भिजवून मेलेलं जाड कातडं हलक्या हाताने काढलं, मग रंग लावला आणि तिला अंगणात पालथी झोपवून तळवे सूर्याकडे करायला लावले. जनीचं म्हणणं पडलं की हे गावाने बघितलं तर गाव मरेपर्यंत हसेल. ती आडोशाला येऊन झोपू लागली. तळवे पूर्ण भरले नाहीत, पण चालताना दुखणं कमी झालं. तिच्याबरोबर तिची चार वर्षांची रंगू येई आणि निळ्या बोटाने अंगणातल्या दगडांना टिळे लावत बसे.

पावसाळा संपता संपता गावात हगवण सुरू झाली. मांडवखारला चहूकडे पाणी असलं तरी पिण्यासारखं एकाच ठिकाणी, देवळामागच्या दगडी बांधाच्या लहानशा तळ्यात. पावसात वरच्या वाडीचा सगळा गदळ त्यात उतरला होता. अशा वेळी तळ्यात ब्लीचिंग पावडर टाकायची हे शाळेतल्या मास्तरालाही माहीत होतं. दवाखान्यात पावडरीचं एक पोतं होतंही, पण ते पावसाळाभर उघडं राहून सर्दावलं होतं, त्याला वाससुद्धा उरला नव्हता. नवीन मागवायला हवी होती.

दिनानाथांनी ती मागवली नाही. त्याचं कारण मुंबईहून आलेला निरोप होता. अलिबागचं भाषण कुणाकडून तरी वरपर्यंत गेलं होतं आणि आरोग्याच्या कामातले एक बडे साहेब दौऱ्यावर असताना मांडवखारला येणार होते. पोटऱ्या दाखवून साहेबांचं समाधान होण्यासारखं नव्हतं. पावडर काय, कुठलाही सोम्यागोम्या टाकू शकतो, असं दिनानाथ म्हणाले. त्यांनी मुंबईहून मेथिलीन ब्लूचे दोन मोठे डबे मागवले. अख्खं तळं निळं करायचं, आश्विनाचं ऊन त्यावर पडेल, बाकीचं काम सूर्य करील.

ते ऐकून कमळ उठली. तिने बादलीभर पाण्यात थोडा रंग कालवला, एका पांढऱ्या बशीला दोरी बांधली आणि ती बादलीत सोडली. बशी वीतभर खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"वरून तुम्हाला बशी दिसत नाही," ती म्हणाली, "म्हणजे बशीपर्यंत उजेड पोचत नाही. तळं पुरुषभर खोल आहे. खालचं पाणी कपाटातच राहणार. आणि बायका पहाटे पाणी भरतात, तेव्हा ऊन कुठे असतं? शिवाय रंग पोटात जायचा ते वेगळंच."

दिनानाथांनी बादलीत पाहिलं आणि ते म्हणाले की प्रश्न बादलीचा नसून तत्त्वाचा आहे. कमळने स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरून सृष्टीचे नियम ठरवू नयेत.

आता कमळला आणखी बोलता आलं असतं. बाबाजींच्या बायकोला सांगता आलं असतं, मास्तरांना सांगता आलं असतं. तिने फक्त बशी धुऊन जागेवर ठेवली आणि म्हणाली, "करा." फजिती होईल, साहेबांसमोर होईल, आणि आपण पडद्यामागून बघू, असा तिचा हिशेब होता. आपण एवढं बोललो म्हणजे आपलं काम झालं, असंही तिला वाटलं असावं. शहाण्या माणसांना असं वाटतं.

तळं निळं करण्याचा समारंभ झाला. बाबाजींनी नारळ फोडला. दिनानाथ होडक्यात उभे राहून डब्यातला रंग हाताने ओतत होते, होडकं डुलत होतं, आणि काठावरची माणसं डॉक्टर पडतात की काय या आशेने बघत होती. पाणी बघता बघता निळं झालं. मग दिनानाथांनी काठावर येऊन सांगितलं की आता हे पाणी मुंबईच्या नळापेक्षा शुद्ध आहे. उकळायची गरज नाही, गाळायची गरज नाही.

खरं नुकसान या शेवटच्या वाक्याने झालं. हगवण सुरू झाल्यापासून बऱ्याच बायका पाणी उकळून घेत होत्या. लाकूडफाटा ओला होता, धुराने डोळे फुटत होते, आणि खुद्द डॉक्टर नको म्हणतायत तर कोण उकळणार? चुली विझल्या. लोक निळं पाणी तसंच पिऊ लागले.

दुसऱ्या दिवसापासून गावाला हिरवी लघवी होऊ लागली. पोटात गेलेला हा रंग तसाच बाहेर पडतो हे कमळला माहीत होतं, गावाला नव्हतं. म्हातारे घाबरून देवळात गेले. पोरं बांधावर ओळीने उभी राहून कुणाची हिरवी जास्त याच्या पैजा लावू लागली. म्हशींची थोबाडं निळी झाली, भात निळसर दिसू लागला. बाबाजींना मात्र यात गावाचा गौरव दिसला. रोग बाहेर पडतोय, असं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते पेणच्या बाजारात जाऊन आपल्या हिरव्या लघवीचं वर्णन पाटलाला शोभेल अशा आवाजात करून आले. कमळ घरात एकटी बसून हसत होती. हे हसू तिला चार-पाच दिवस पुरलं.

मग मनुबाई गेली. म्हातारी एकटी राहायची, पाणी भरायला शेजारपाजारच्या पोरी तिला मदत करायच्या. दोन दिवस हगवण आणि वांती झाली आणि ती संपली. दिनानाथ म्हणाले, वय झालं होतं. त्याच आठवड्यात वरच्या वाडीत आणखी घरं आजारी पडली. दिनानाथ म्हणाले, हे लोक बाहेरचं खातात. ते तळ्याच्या काठाला साहेबांसाठी चुना मारून घेण्यात गुंतले होते.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी जनी मागच्या दाराशी आली. रंगू तिच्या खांद्यावर होती, ओल्या फडक्यासारखी. डोळे खोल गेलेले, ओठ निळे. ते रंगाने निळे की कशाने, हे कमळला पहिल्या क्षणी कळेना. तिने पोरीला मांडीवर घेतलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सुरकुती तशीच राहिली. कमळने धावत जाऊन चूल पेटवली, पाणी खळखळून उकळलं, भाताच्या पेजेत मीठ घातलं, पातळ केलं, आणि चमच्याचमच्याने पाजू लागली. पोर ओकायची, कमळ थांबायची, पुन्हा पाजायची.

जनी उंबऱ्यात बसून बघत होती. तिची नजर चुलीवरच्या उकळत्या पाण्यावर गेली, मग कोपऱ्यातल्या हंड्यावर. त्यातलं पाणी निळं नव्हतं, तळ्याचं नव्हतं. तळं निळं झाल्यापासून कमळ वाडीपलीकडच्या, कोसभर लांबच्या झऱ्याचं पाणी आणवत होती, तेही उकळून पीत होती. जनीला ते समजायला वेळ लागला नाही.

"बाय," ती म्हणाली, "तुला ठावं व्हतं?"

कमळने मान वर न करता पुढचा चमचा भरला.

"तुला ठावं व्हतं, आन् तू हासत बसलीस."

जनीने शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. तिने पोर उचलून नेली नाही, ते पेज कमळच्या हातात होती म्हणूनच. कमळ पाजत राहिली. पोरीचा श्वास जरा संथ झाला तेव्हा तिने जनीला पेज आणि चमचा दिला, कसं आणि किती पाजायचं ते दाखवलं, आणि धर्माला बोलवायला सांगितलं. धर्मा आला तेव्हा ती पायांत चपला घालून उभी होती.

भरतीचं पाणी धरून धर्माने होडी पेणच्या बाजूला नेली. पेणच्या पाणीपुरवठ्याच्या कोठारावर दयाराम नावाचा माणूस होता. त्याने डॉक्टरांची सही मागितली. कमळने सांगितलं की डॉक्टर सही करणार नाहीत, कारण रोग त्यांनीच वाढवला आहे, आणि हे तुम्हाला कुणाला सांगायचं असेल त्याला सांगा. दयारामने ब्लीचिंग पावडरचे बंद डबे काढून दिले. रात्र त्याच्याच घरी काढून सकाळची भरती उतरू लागताच ते परत फिरले.

मांडवखारला पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं आणि साहेब आले होते. तळ्याकाठी खुर्च्या मांडल्या होत्या, साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार होता. दिनानाथ चष्मा हातात घेऊन सूर्य, रंग आणि भारताचं भवितव्य यांवर बोलत होते. कमळला ते वाक्य माहीत होतं. त्याच्यानंतर ते घसा खाकरणार होते. त्यांनी खाकरला. तिला या वेळी हसू आलं नाही.

ती सरळ काठाशी गेली. तिने आणि धर्माने डबे फोडून पावडर बादल्यांत कालवली, धर्मा होडकं घेऊन आत गेला आणि बादल्या रिकाम्या करत फिरला. क्लोरिनचा उग्र वास सुटला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. आणि मग सगळ्यांच्या देखत तळ्याचा निळा रंग उडायला लागला. ब्लीचिंग पावडर कपड्यावरचा रंग खाते तशी तळ्यातलाही खाते. आधी होडक्यामागे फिकट पट्टे उमटले, मग ते रुंदावले, आणि साहेबांचा चहा संपेपर्यंत चौलकर पद्धत पाण्यातून नाहीशी झाली. खाली राहिलं ते गढूळ, हिरवट, नेहमीचं तळं.

साहेबांनी विचारलं, हे काय झालं?

दिनानाथांनी चष्मा लावला. एक क्षणही न अडखळता ते म्हणाले, "सर, ही पद्धतीची दुसरी पायरी."

कमळला वाटलं होतं की तिने या माणसाचा तळ पाहिला आहे. तो अजून बराच खाली होता.

"दुसरी पायरी वगैरे काही नाही," ती साहेबांना म्हणाली. "ही ब्लीचिंग पावडर आहे. महिन्यापूर्वी टाकायची होती. रंगाने वरचं वीतभर पाणी शुद्ध झालं असेल, खालचं नाही. लोकांना पाणी उकळू नका म्हणून सांगितलं, आणि एक बाई मेली. वरच्या वाडीत अजून माणसं पडून आहेत. तिकडे चला, दाखवते."

साहेब सभ्य होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, बाबाजींच्या ओट्यावर जेवण तयार आहे का ते विचारलं, आणि वरची वाडी चढावर आहे असं कळल्यावर पुढच्या वेळी नक्की बघू म्हणाले. जाताना त्यांनी दिनानाथांच्या खांद्यावर हात ठेवला. पत्नीचाही कामात रस आहे ही आनंदाची गोष्ट आहे, असं म्हणाले. बाबाजींनी लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. काही लोकांनी वाजवल्याही.

वाडी कमळ एकटीच चढली. त्या आठवड्यात ती घराघरांतून पेज, मीठ आणि उकळलेलं पाणी घेऊन फिरली. तिला शिव्या देणारी घरं होती, दार न उघडणारीही होती. तिने दोन्हींना तेच सांगितलं, पाणी उकळा. दिवाळीच्या सुमाराला हगवण ओसरली. रंगू वाचली, हाडं दिसायला लागली होती पण वाचली.

मनुबाईच्या तेराव्याला कमळ गेली होती. बोलावलं कुणी नव्हतं. बायका भात वाढत होत्या, त्यांनी तिच्या पानावरही वाढला. तिला बरं वाटावं म्हणून कुणी काही बोललं नाही. जेवली, पान उचललं आणि घरी आली.

घरी दिनानाथ निबंध लिहीत होते. विषय होता रंग आणि क्लोरिन यांची संयुक्त योजना. त्यांनी तिला आकडे तपासून दे म्हणून सांगितलं. ती म्हणाली की आकडे तळ्यात आहेत, तिथून काढून घ्या. त्या रात्री दोघांत पहिल्यांदा भांडण झालं असतं, पण दिनानाथांना भांडणापेक्षा निबंध महत्त्वाचा होता.

निबंध मुंबईत वाचला गेला. पुढच्या वर्षी दिनानाथांना तिकडेच एका समितीवर जागा मिळाली, पंखा होता, खुर्ची फिरती होती. त्यांनी कमळला बांधाबांध करायला सांगितलं. कमळने त्यांचं सामान बांधून दिलं, कोटसुद्धा घडी घालून दिला. स्वतःचं बांधलं नाही. लोकांना सांगितलं की दवाखान्याला नवा डॉक्टर मिळेपर्यंत थांबते. नवा डॉक्टर मिळाला, तरी ती थांबली. मिठागरवाल्यांनी तिला ड्रेसिंगच्या कामावर ठेवून घेतलं. मुंबईची माणसं दोघांबद्दल काहीबाही बोलत आणि दिनानाथ सांगत की पत्नी सेवाकार्यात आहे. हे वाक्य त्यांच्या परिचयपत्रकात छान बसलं.

जखमांवरचा निळा रंग चालू राहिला, कारण तो काम करत होता. उथळ जखमा, उघड्या पोटऱ्या, कडकडीत ऊन असलं की पुरेसं होई. खोल असेल ते कमळ साफ करी किंवा पेणला पाठवी. कुणी या उपचाराला चौलकर पद्धत म्हटलं की ती विचारी, कोणता चौलकर?

जनी तिच्याकडे येई. स्वतःच्या तळव्यांसाठी येई, नंतर दीर-जावांना घेऊन येई. बोलणं कामापुरतं असे. कमळ दरवेळी चहा टाकी आणि जनी दरवेळी घरी चूल पेटवून आलेय, असं सांगून तो नाकारी. कमळने त्याबद्दल तिला कधी विचारलं नाही.

एकदा मीठ काढायच्या दिवसांत जनी धाकट्या जावेला घेऊन आली. जावेची पोटरी चिघळली होती. कमळने धुऊन रंग लावला आणि बाकड्यावर बसायला सांगितलं. जाऊ नवीन होती, रंगाला घाबरली. हा पोटात गेला तर काय होतं, असं तिने विचारलं.

जनीने कमळकडे पाहिलं. "त्या बायला इचार," ती म्हणाली. "तिला ठावं हाय. आता सांगते पन."

कमळने बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि जावेला सांगायला सुरुवात केली.